समेट की न्याय? : अमेरिकेतलं इव्हँजेलिकल ख्रिस्तीपण आणि वंशाचा प्रश्न

आज आपण एका पुस्तकाची चिकित्सा करणार आहोत. मायकेल इमर्सन आणि ख्रिश्चन स्मिथ या दोन समाजशास्त्रज्ञांचं 'डिव्हायडेड बाय फेथ' हे ते पुस्तक. २००० साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने ते काढलं. श्रद्धेनेच दुभंगलेले, असा त्या नावाचा अर्थ. अमेरिकेतल्या गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांना वंशभेद संपावा असं मनापासून वाटतं, आणि तरीही त्यांच्याच हातून तो टिकून राहतो. हे कसं काय, असा प्रश्न या पुस्तकाने विचारला. त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. या विषयावर लिहिणारे बहुतेक जण अजूनही इथूनच सुरुवात करतात. आम्हालाही हे मोलाचं पुस्तक वाटतं. पण त्याच्या मुळाशी असलेल्या एका गृहीतकाशी आमचा वाद आहे. माणूस आपल्या समाजातल्या अन्यायाला कितपत जबाबदार असतो, या जुन्या प्रश्नाशी तो वाद जाऊन भिडतो. म्हणून आजचा वेळ त्यासाठी.

आधी शब्द नीट करून घेऊ. 'इव्हँजेलिकल' म्हणजे काही एक पंथ नव्हे. बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, पेंटेकोस्टल अशा अनेक प्रोटेस्टंट पंथांतून वाहणारा तो एक प्रवाह आहे. डेव्हिड बेबिंग्टन या ब्रिटिश इतिहासकाराने त्याच्या चार खुणा सांगितल्या: माणसाचं आतून परिवर्तन झालं पाहिजे, म्हणजे त्याचा 'नवा जन्म' झाला पाहिजे, बायबल हेच अंतिम प्रमाण, ख्रिस्ताचं क्रुसावरचं मरण हा श्रद्धेचा गाभा, आणि ही श्रद्धा कृतीतून, प्रचारातून दिसली पाहिजे. अमेरिकेच्या लोकसंख्येत ढोबळमानाने पाव हिस्सा लोक या प्रवाहातल्या चर्चेसमध्ये मोडतात. म्हणजे हा काही कोपऱ्यातला समूह नाही. त्या देशाच्या निवडणुका, शाळा आणि न्यायालयं यांच्यावर त्याचा मोठा प्रभाव आहे.

मराठी श्रोत्याने या विषयात लक्ष का घालावं? एक कारण आपल्याच पुस्तकांच्या कपाटात आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं, तेव्हा ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जो निःस्वार्थी त्याग केला, त्याच्या गौरवार्थ. आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवावा आणि शूद्र बांधवांना दास्यातून सोडवावं, अशी आशा त्यांनी तिथे व्यक्त केली. जोतीराव ज्यांचा गौरव करत होते, त्या गुलामगिरीविरोधी चळवळीत इव्हँजेलिकल लोक मोठ्या संख्येने होते. न्यूयॉर्कचे व्यापारी बंधू आर्थर आणि लुईस टॅपन, थिओडोर वेल्ड, आणि त्या काळातले सर्वांत गाजलेले प्रवचनकार चार्ल्स फिनी ही त्यांतली ठळक नावं. फिनींनी तर गुलाम बाळगणाऱ्यांना प्रभुभोजनाच्या विधीत सहभागी करून घ्यायला नकार दिला होता.

पण याच फिनींबद्दलची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. त्यांच्या न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये काळ्या भाविकांनी वेगळ्या बाजूला बसायचं, हे त्यांना मान्य होतं. लुईस टॅपन यांनी सगळ्यांना एकत्र बसवण्याचा आग्रह धरला, तेव्हा फिनींनी त्यांना विरोध केला. गुलामगिरी हे पाप, पण एका बाकावर बसणं हा प्रश्न वेगळा, असं त्यांचं म्हणणं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे आपल्याला याच गोष्टीचा उलटा आकार दिसणार आहे.

आता पुस्तकाकडे येऊ. लेखकांनी देशभरात अडीच हजारांहून अधिक लोकांची टेलिफोनवरून पाहणी केली आणि सुमारे दोनशे लोकांशी समोरासमोर बसून दीर्घ मुलाखती केल्या. त्यातून त्यांना दिसलं ते असं. गोरा इव्हँजेलिकल माणूस वंशाच्या प्रश्नाकडे तीन कल्पनांच्या मदतीने पाहतो. लेखक त्यांना सांस्कृतिक हत्यारं म्हणतात. सुताराच्या पेटीत जी हत्यारं असतील, त्यांनीच तो काम करणार, तसं.

पहिलं हत्यार: प्रत्येक माणूस स्वतंत्र इच्छेचा आहे आणि आपल्या कर्माबद्दल तो एकटा देवापुढे जबाबदार आहे. दुसरं: सगळ्या समस्यांचं मूळ बिघडलेल्या नात्यांत असतं, माणसाचं ख्रिस्ताशी नातं जुळलं की माणसामाणसांतली नातीही सुधारतात. तिसरं हत्यार म्हणजे खरं तर एक नकार आहे: कायदे, संस्था, घरांची बाजारपेठ, शाळांचा पैसा, अशा रचनांमुळे माणसाच्या आयुष्याला आकार मिळतो, हे मान्य न करणं. तसं मान्य करणं म्हणजे पापाची जबाबदारी झटकणं, असं त्यांना वाटतं.

या तीन हत्यारांनी वंशाचा प्रश्न हाती घेतला की तो कसा दिसतो? काही वाईट मनाची माणसं काळ्यांचा द्वेष करतात. काही काळे लोक जुन्या गोष्टी उगाळत बसतात. आणि सरकार, माध्यमं हा मामला पेटता ठेवतात. मग उपायही तसाच निघतो. मनं बदला. दुसऱ्या वंशाचा एक मित्र करा, त्याला जेवायला बोलवा, एकमेकांची क्षमा मागा. यात वाईट काहीच नाही. पण लेखक दाखवतात, की मिसिसिपीतल्या काळ्या मुलाची शाळा गरीब का आहे, शिकागोत काळ्या कुटुंबाला कर्ज का मिळत नाही, हे प्रश्न या पेटीतल्या हत्यारांच्या हाती लागतच नाहीत.

या वृत्तीचं नमुनेदार उदाहरण म्हणजे बिली ग्रॅहम. विसाव्या शतकातले हे सर्वांत मोठे इव्हँजेलिकल प्रवचनकार. १९५३ साली टेनेसीतल्या चॅटानूगा इथे त्यांच्या सभेत गोऱ्या-काळ्या श्रोत्यांना वेगळं करणारे दोर बांधले होते. ग्रॅहम यांनी ते स्वतःच्या हातांनी काढले. दक्षिणेतल्या त्या वातावरणात ही धैर्याची गोष्ट होती, आणि तिचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण मार्टिन ल्यूथर किंग यांची चळवळ रस्त्यावर आली, कायदा बदला म्हणू लागली, तेव्हा ग्रॅहम यांचा सूर असा लागला, की नुसत्या कायद्याने हृदयं बदलत नाहीत; घाई करू नका. दोर काढणारा हात कायद्याच्या बाबतीत मात्र आखडला.

इथपर्यंत पुस्तक फार सुंदर आहे. लेखक शिव्याशाप देत नाहीत, कुणाला ढोंगी ठरवत नाहीत. त्यांनी लोकांचं म्हणणं ऐकून घेतलं आहे. मग आमचा वाद कुठे आहे? तो तीन ठिकाणी आहे.

पहिली गोष्ट लेखकांच्याच आकडेवारीतून निघते. काळ्यांची आर्थिक स्थिती मागे का, असं विचारल्यावर गोरे इव्हँजेलिकल इतर गोऱ्यांपेक्षा अधिक प्रमाणात म्हणतात, की त्यांच्यात जिद्द कमी आहे. भेदभाव हे कारण ते कमी देतात. बरं, हा जर श्रद्धेचा परिणाम असेल, तर काळ्या इव्हँजेलिकलांवरही तो तसाच दिसायला हवा. तेही त्याच बायबलवर विश्वास ठेवतात, तेही नवा जन्म मानतात. पण दिसतं ते नेमकं उलटं. श्रद्धाळू काळे प्रोटेस्टंट इतर काळ्यांपेक्षा अधिक ठामपणे भेदभावाकडे, रचनेकडे बोट दाखवतात. म्हणजे एकच श्रद्धा गोऱ्याला एका दिशेने ढकलते आणि काळ्याला विरुद्ध दिशेने.

लेखक याचं उत्तर देतात, की काळ्यांच्या पेटीत अनुभवातून आलेली आणखी काही हत्यारं असतात. मान्य. पण मग निष्कर्ष काय निघतो ते बघा. तर्कशास्त्राचा साधा नियम आहे: कारण दोन्हीकडे सारखं असताना परिणाम जर उलटे येत असतील, तर फरक त्या कारणामुळे पडलेला नाही. वैयक्तिक पापाची शिकवण दोन्ही मंडळींत आहे. म्हणून रचना न दिसण्याचं खापर त्या शिकवणीवर फोडता येत नाही. माणूस समाजात कुठे उभा आहे, यावर काय दिसतं ते ठरतं. शिकवण नंतर त्याला शब्द पुरवते. लेखक स्वतः नोंदवतात, की ज्या गोऱ्यांचा काळ्यांशी दाट संबंध आला, त्यांना रचना दिसू लागल्या. त्यांची श्रद्धा तीच होती. बदलली होती ती उभं राहण्याची जागा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. रचना पाहायला नकार देणं हा इव्हँजेलिकल माणसाचा स्वभावच आहे, असं पुस्तक वाचून वाटतं. इतिहास तसं सांगत नाही. दारूबंदीचं उदाहरण घ्या. १८९३ साली सुरू झालेली अँटी-सलून लीग प्रोटेस्टंट चर्चेसच्या बळावर उभी होती. दारुड्याचं मन बदला, एवढ्यावर ती थांबली का? तिने रोख धरला तो गुत्त्यावर, दारूच्या धंद्यावर, त्या धंद्याला अभय देणाऱ्या राजकारणावर. भोवतीची व्यवस्थाच माणसाला दारुडा करते, म्हणून व्यवस्था मोडा, हा शुद्ध रचनेचा युक्तिवाद आहे. त्याच्या जोरावर १९१९ साली देशाच्या राज्यघटनेत दुरुस्ती झाली. गर्भपाताच्या बाबतीत तेच. १९७३ च्या 'रो' निकालाविरुद्ध पुढे जी चळवळ उभी राहिली, तिने न्यायाधीशांच्या नेमणुकांपर्यंत जाऊन जवळजवळ अर्धशतक चिकाटीने काम केलं आणि २०२२ साली तो निकाल फिरवून घेतला. कायद्याने हृदयं बदलत नाहीत, हे वाक्य तेव्हा कुणाला अडसर वाटलं नाही.

आणि जिथे वंशाचा प्रश्न थेट आपल्या संस्थेशी येतो, तिथेही रचना चांगलीच दिसते. दक्षिण कॅरोलायनातल्या बॉब जोन्स विद्यापीठात भिन्नवंशीय मुलामुलींनी एकमेकांसोबत फिरण्याला बंदी होती. त्यापायी सरकारने त्या संस्थेची करसवलत काढली. संस्था सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली आणि १९८३ मध्ये आठ विरुद्ध एक अशा बहुमताने हरली. ती बंदी उठायला २००० साल उजाडावं लागलं. म्हणजे आपलं पुस्तक प्रसिद्ध झालं तेच वर्ष. इतिहासकार रँडल बामर यांचं म्हणणं असं, की इव्हँजेलिकल नेते १९७० च्या दशकात राजकारणात संघटित झाले, त्याची पहिली ठिणगी गर्भपात नसून अशा शाळा-महाविद्यालयांची करसवलत ही होती. त्यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण करसवलत, कायदा, न्यायालय ही काय चीज आहे, हे या मंडळींना ठाऊक नव्हतं, असं कुणीच म्हणणार नाही.

तेव्हा हत्यार पेटीत नाही, हे खरं नाही. ते पेटीत आहे, धार लावलेलं आहे, आणि हवं तेव्हा बाहेरही निघतं. काळ्यांच्या प्रश्नापुरतंच ते सापडत नाही. पुस्तकाने ज्याला असमर्थता म्हटलं, ती खरी निवड आहे. आमच्या वादाचा मुख्य मुद्दा हाच.

आता तिसरी गोष्ट. आणि इथे आपल्याला थोडं हिंदुस्थानात यावं लागेल. पुस्तकात एक उत्कृष्ट प्रकरण आहे. अमेरिकेत चर्च म्हणजे एक प्रकारची बाजारपेठ आहे. सरकारी धर्म नाही. माणसं आवडेल त्या चर्चमध्ये जातात. अशा ठिकाणी जी मंडळी सभासदांकडून कमीत कमी मोल मागेल, ती वाढणार. आपल्यासारख्याच लोकांत बसणं स्वस्त पडतं. म्हणून एकरंगी चर्च वाढतात, कुणी तसं ठरवलं नाही तरी. हे विवेचन बरोबर आहे. पण ते अपुरं आहे, कारण हे नुसतं आपोआप घडलेलं नाही. त्याला एक सिद्धांत होता, आणि तो सिद्धांत घडला आपल्याकडे.

डोनाल्ड मॅकगॅव्हरन हे मिशनरी १८९७ साली दमोह इथे जन्मले. दमोह आज मध्य प्रदेशात आहे. तेव्हाच्या मध्य प्रांतातलं, ज्याची राजधानी नागपूर. मॅकगॅव्हरन यांनी आयुष्याची अनेक वर्षं तिथे काम केलं आणि एक गोष्ट हेरली. मिशनच्या आवारात आणून एकेकट्या माणसाला ख्रिस्ती केलं, तर तो आपल्या जातीपासून तुटतो आणि पुढे कुणी येत नाही. जातच्या जात, नातलगांसह आली, तर हजारो येतात. १९५५ साली 'द ब्रिजेस ऑफ गॉड' या पुस्तकात त्यांनी हे मांडलं. वंश, भाषा, वर्ग यांच्या भिंती न ओलांडता ख्रिस्ती होता आलं तर माणसांना ते आवडतं, असं सूत्र त्यातून पुढे आलं. त्याला 'एकजिनसी गटाचं तत्त्व' म्हणतात. १९६५ मध्ये मॅकगॅव्हरन कॅलिफोर्नियात पॅसाडिना इथल्या फुलर सेमिनरीत गेले, तिथल्या नव्या मिशन विद्यालयाचे प्रमुख झाले, आणि हे तत्त्व अमेरिकन चर्चवाढीचं शास्त्र बनलं.

मॅकगॅव्हरन यांच्यावर अन्याय नको. भिंती कायम राहाव्यात असं त्यांचं म्हणणं नव्हतं. आधी माणसाला आत येऊ द्या, बंधुभाव नंतर शिकवता येईल, असा त्यांचा क्रम होता. पण 'नंतर' हा शब्द फार धोक्याचा असतो. त्यांचे शिष्य पीटर वॅग्नर यांनी १९७९ मध्ये 'अवर काइंड ऑफ पीपल' हे पुस्तक लिहून अमेरिकेत या तत्त्वाचं नैतिक समर्थन केलं. आपल्यासारखी माणसं, हा त्या नावाचा अर्थ. पुढे कॅलिफोर्नियातल्या प्रचंड सॅडलबॅक चर्चने आपल्या अपेक्षित सभासदाचं काल्पनिक चित्रच रंगवलं आणि त्याला 'सॅडलबॅक सॅम' असं नाव दिलं: सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी, उपनगरात राहणारा.

आता विचार करा. मध्य प्रांतातली जात ही मॅकगॅव्हरन यांना तयार मिळालेली वस्तुस्थिती होती. पण अमेरिकन उपनगरातली 'आपल्यासारखी माणसं' कुठून आली? ती सरकारी कागदांवर तयार झाली. १९३० च्या दशकापासून संघराज्याच्या गृहकर्ज योजनांनी काळ्यांच्या वस्त्या नकाशावर धोक्याच्या म्हणून दाखवल्या आणि तिथल्या कर्जांना हमी नाकारली. घरांच्या खरेदीखतांत काळ्यांना विकू नये अशी कलमं असत. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कलमं न्यायालयामार्फत अंमलात आणता येणार नाहीत असं ठरवलं. घरविक्रीतल्या भेदभावाला कायद्याने बंदी आली ती १९६८ साली. तोवर गोरं उपनगर उभं राहिलं होतं. त्या उपनगरात जाऊन चर्च काढायचं आणि म्हणायचं, की इथे सगळे एकसारखेच आहेत, काय करणार! रचनेने घडवलेला गट हा निसर्गाने दिलेला गट आहे असं समजणं, ही या सिद्धांतातली खरी चूक.

इथे आणखी एक सावधगिरी. रविवारी सकाळी अकरा ही अमेरिकेतली सर्वांत विभागलेली वेळ असते, असं किंग अनेकदा म्हणत. ते ऐकून असं वाटतं, की दोन्ही बाजू सारख्याच अलग बसल्या. तसं नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकून बसलेल्या काळ्या भाविकांना चालू प्रार्थनेतून उठवण्यात आलं. त्यांतले रिचर्ड अॅलन यांनी पुढे १८१६ मध्ये काळ्यांचा स्वतंत्र मेथडिस्ट पंथ स्थापन केला. काळ्यांचं चर्च आवडीनिवडीतून जन्मलेलं नाही. ज्याला बाहेर काढलं तो, आणि ज्याने काढलं तो, या दोघांचं वेगळं बसणं एकाच मापाने मोजता येत नाही.

बरं, गेल्या पंचवीस वर्षांत काही बदललं का? बदललं. ज्या मंडळीत कुठल्याही एका वंशाचे लोक ऐंशी टक्क्यांहून जास्त नाहीत, तिला बहुवंशीय धरलं, तर १९९८ मध्ये अमेरिकेत अशा धार्मिक मंडळ्या ६ टक्के होत्या. २०१९ मध्ये त्या १६ टक्के झाल्या. इव्हँजेलिकल चर्चेसमध्येही ही वाढ ठळक आहे. कोरियन, चिनी, लॅटिन अमेरिकन, आफ्रिकन स्थलांतरितांनी तर या प्रवाहाचा चेहराच बदलायला घेतला आहे. विविधता आली, असं म्हणायला हरकत नाही.

पण समाजशास्त्रज्ञ कोरी एडवर्ड्स यांनी २००८ मध्ये 'द इल्युसिव्ह ड्रीम' या पुस्तकात अशा मिश्र चर्चेसचा आतून अभ्यास केला. गाणी कुठली, प्रवचन किती वेळ, कुठल्या विषयावर बोलायचं आणि कुठला टाळायचा, हे सगळं बहुधा गोऱ्या सभासदांच्या सोयीने ठरतं, असं त्यांना आढळलं. मिश्रण व्हायचं तर काळ्यांनी गोऱ्या रिवाजात मिसळायचं. उलटा प्रवास क्वचितच. २०१६ च्या निवडणुकीत गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी दर पाचांत सुमारे चौघांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिलं. त्यानंतर अनेक काळे भाविक अशा मिश्र चर्चेसमधून गाजावाजा न करता बाहेर पडले. शेजारी बसलेल्या माणसाला आपली भीती कळली नाही, हे त्यांचं दुःख होतं.

फिनी आठवतात ना? त्यांनी गुलामगिरीविरुद्ध आवाज उठवला, पण बाक वेगळा ठेवला. आज बाक एक झाला आहे आणि न्यायाचा विषय निघाला की बाकावरचे लोक चुळबुळ करतात.

हे असं होतं, याचं कारण 'समेट' या शब्दाचं काय झालं त्यात सापडतं. जॉन पर्किन्स हे मिसिसिपीतले काळे इव्हँजेलिकल नेते. त्यांचा भाऊ १९४६ मध्ये पोलिसाच्या गोळीने मेला. १९७० मध्ये त्यांना स्वतःला तुरुंगात मरेस्तोवर मारहाण झाली. अशा माणसाने द्वेष सोडून समेटाची भाषा केली. पण त्यांच्या कार्यक्रमाचे भाग तीन होते: गरिबांच्या वस्तीत जाऊन राहा, समेट करा, आणि साधनसंपत्तीची फेरवाटणी करा. गोऱ्या चर्चेसनी यातला मधला भाग तेवढा उचलला. १९९० च्या दशकात स्टेडियम भरभरून पुरुष एकमेकांना मिठ्या मारत, रडत, क्षमा मागत. पहिला आणि तिसरा भाग स्टेडियमच्या बाहेरच राहिला.

याचा कस पाहायला एकच प्रकरण पुरे. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन हा अमेरिकेतला सर्वांत मोठा प्रोटेस्टंट पंथ. गुलाम बाळगणारा माणूस मिशनरी होऊ शकतो की नाही, या भांडणातून तो १८४५ मध्ये जन्मला. होऊ शकतो, असं म्हणणाऱ्यांचा हा पंथ. दीडशे वर्षांनी, १९९५ मध्ये, त्याने ठराव करून काळ्यांची क्षमा मागितली. २०१२ मध्ये फ्रेड लुटर हे पहिले काळे अध्यक्ष निवडले. २०१८ च्या डिसेंबरात लुईव्हिल इथल्या त्यांच्या सेमिनरीने स्वतःच्या इतिहासाचा अहवाल स्वतःहून प्रसिद्ध केला. चार संस्थापकांकडे मिळून पन्नासहून अधिक गुलाम होते, हे त्यात लिहिलं. १८८० मध्ये संस्था बुडायला आली असता जॉर्जियाचे जोसेफ ब्राऊन यांनी पन्नास हजार डॉलर देऊन ती वाचवली, आणि त्यांच्या संपत्तीतला मोठा वाटा कैदी मजुरांकडून, बहुतांशी काळ्यांकडून, खाणीत करून घेतलेल्या कामाचा होता, हेही लिहिलं. अहवाल प्रामाणिक आहे. असं लिहायला धैर्य लागतं.

मग २०१९ मध्ये त्याच शहरातल्या गोऱ्या-काळ्या पाळकांच्या एका गटाने सेमिनरीला विनंती केली: तुमच्या निधीचा काही भाग इथल्या सिमन्स कॉलेजला द्या. काळ्या बॅप्टिस्टांनी एकोणिसाव्या शतकात उभं केलेलं हे कॉलेज. सेमिनरीने नकार दिला. आर्थिक भरपाई हा योग्य मार्ग आम्ही मानत नाही, असं उत्तर आलं. २०२० मध्ये ब्राऊन यांच्या नावाचं अध्यासन बंद झालं, काळ्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती ठेवण्यात आली. इमारतींवरची संस्थापकांची नावं तशीच राहिली. शिष्यवृत्तीचं मोल आम्ही कमी मानत नाही. पण फरक पाहा. शिष्यवृत्ती देणारा दाता असतो. तो कुणाचं देणं लागत नाही. सिमन्स कॉलेजला पैसे दिले असते, तर तो हिशेब चुकता करणं ठरलं असतं.

इथे तत्त्वज्ञानाचा एक भेद उपयोगी पडतो. आयरिस मॅरियन यंग या विदुषीने दोष आणि जबाबदारी वेगळे केले. दोष मागे पाहतो: कुणी केलं? जबाबदारी पुढे पाहते: अन्यायाला जन्म देणाऱ्या व्यवहारात मी आजही सामील असेन, तर तो बदलण्यात माझा वाटा काय? इव्हँजेलिकल माणूस म्हणतो, माझ्याकडे गुलाम नव्हते. बरोबर आहे, दोष नाही. पण आपल्याकडची साधी रीत काय सांगते? वडिलांचं घर वारशाने घेतलं, तर घरावरचं कर्जही आपलंच. ते कर्ज आपण काढलं नव्हतं, म्हणून सावकार परत जात नाही. कर्ज नको असेल तर घरही सोडावं लागतं. सेमिनरीने घर ठेवलं.

आणि गंमत अशी, की हे पटवायला समाजशास्त्राची गरजही नाही. ज्या बायबलला ही मंडळी अंतिम प्रमाण मानतात, तिथेच लूकच्या शुभवर्तमानात जक्कयाची गोष्ट आहे. जक्कय हा मुख्य जकातदार, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी जातो, आणि जक्कयाचं परिवर्तन होतं. एकट्याचं परिवर्तन, अगदी इव्हँजेलिकल नमुन्याचं. पण तो रडत नाही, मिठी मारत नाही. तो उभा राहतो आणि सांगतो, की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. तारण आज या घराला आलं, हे येशू त्यानंतर म्हणतो. नहेम्याच्या आणि दानीएलाच्या पुस्तकांत तर हे पुरुष आपल्या पूर्वजांच्या पापाची कबुली स्वतःच्या पापासारखी देतात. म्हणजे व्यक्तिनिष्ठ श्रद्धा आणि हिशेबाची जाणीव यांत विरोध नाही. विरोध आहे असं मानणं सोयीचं झालं, एवढंच.

शेवटचा मुद्दा. इमर्सन यांनी २०२४ मध्ये ग्लेन ब्रेसी यांच्यासोबत 'द रिलिजन ऑफ व्हाइटनेस' हे नवं पुस्तक लिहिलं. त्यात ते बरेच कठोर झाले आहेत. बरेचसे गोरे ख्रिस्ती प्रत्यक्षात गोरेपणाचाच धर्म पाळतात, असं त्यांचं आता म्हणणं. पंचवीस वर्षांची निराशा आम्ही समजू शकतो. पण आम्हाला हेही पुरतं पटत नाही. पहिलं पुस्तक म्हणालं, त्यांना दिसत नाही. दुसरं म्हणतं, त्यांचा देवच वेगळा. ज्याला दिसत नाही त्याला दोष देता येत नाही. ज्याचा देव वेगळा त्याच्याशी वाद घालता येत नाही. दोन्हीकडे संवाद संपतो. आमचं म्हणणं या दोहोंच्या मध्ये आहे. त्यांना दिसतं. गुत्त्यांच्या बाबतीत दिसलं, करसवलतीच्या बाबतीत दिसलं. इथे ते नजर वळवतात. नजर वळवणाऱ्याला त्याच्याच ग्रंथाच्या आधारे जाब विचारता येतो. पर्किन्स यांनी तेच केलं. आजही त्या चर्चेसमधले कित्येक काळे आणि काही गोरे पाळक तेच करत आहेत, आणि त्यापायी मंडळीतलं स्थान गमावत आहेत.

जोतीरावांनी ज्यांना पुस्तक अर्पण केलं, त्यांनाही आपल्याच चर्चमध्ये हाच त्रास सोसावा लागला होता. गुलाम मोकळे झाले १८६५ मध्ये. त्यांच्या श्रमाचा हिशेब अजून मांडलेला नाही. बाक एक झाला, हे चांगलंच झालं. त्या बाकावर बसून वही कोण उघडतं, हा प्रश्न आहे.

इथे थांबतो. आता आपले प्रश्न घेऊ.